जोडी बोलली पाहिजे

जुनी वस्तू घरी दुरुस्तीला आली की तिच्यासोबत किस्से फुकट येतात. वस्तू एक दिवस बरी होते, किस्से साचतच राहतात. मी कमी बोलणारा माणूस. तरी चार लोक बसले की म्हणतात, "मिस्त्री, ते खोक्यांचं सांगा ना!"

सांगतो.

डोणगावच्या कापसाच्या जिनात मी तेलाचं इंजिन चालवायचो. शाळा तिसरीपर्यंत. गावात आलेला एक फिरता सिनेमा बुडाला आणि मालकाने सामान विकायला काढलं. त्यात एक मायक्रोफोन, बॅटरीवर चालणारं आवाजाचं यंत्र आणि लाकडी खोक्यांतले दोन मोठे लाउडस्पीकर होते. आतला कागदी पडदा फाटलेला, लाकडाला वाळवी. मी गाडीत घालून घरी आणले.

कारभारीण दारातच उभी. "लोक बाजारातून बैलाची जोडी आनतात. तुमी खोक्याची आनली!"

"ही जोडी चारा मागत नाही."

"अन् कामही करत नाही!"

*

हे पाटलांच्या कानावर गेलं. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. चार ओळींत एकमेकांची खोड काढायची आणि शेवटी "हर हर महादेव"! पुढचे हसतात, मागचे विचारतात, काय म्हणाला?

पाटील म्हणाले, "यंदा मेहकरहून भोंगा आनतो."

"काऊन? माही जोडी आहे ना."

"ते वाळवीचे खोके? बोलतीन?"

"दोन्ही बोलतीन. नाही बोलले तर मले मिस्त्री म्हनू नका."

बोलून बसलो. आता माघार नव्हती.

*

फाटलेल्या पडद्याला मी पतंगाचा कागद लावला, ज्वारीच्या पिठाची खळ करून. काम झकास झालं. सकाळी पाहतो तर उंदराने सगळी ठिगळं खाल्लेली! मूळचा कागद मात्र जागच्या जागी.

नामदेव सुतार माझा जुना दोस्त. खोक्यांच्या लाकडाचं काम त्याच्याकडे होतं. तो वाकून पाहून म्हणाला, "उंदीर शहाणा आहे बे! कंपनीचं काम ठेवलं, तुहं तेवढं खाल्लं!"

मी नवी ठिगळं बाभळीच्या डिंकाने लावली. उंदीर पुन्हा आला, हुंगून गेला.

*

एकेक खोका वेगळा लावला की खणखणीत बोलायचा. दोन्ही सोबत लावले की आवाज बसायचा.

नामदेव म्हणाला, "याहीचं आपसात जमत नाही."

मी रागाने त्याला गप्प केलं आणि विचार करत बसलो. एकाचा पडदा पुढे येत होता तेव्हाच दुसऱ्याचा मागे जात होता. एकाच्या दोन तारा उलटवल्या. आवाजाने भिंतीवरचा चुन्याचा पापुद्रा खाली पडला!

आतून कारभारीण ओरडली, "घर पाडता का आता?"

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाहळदीने चोळून त्यांना आवतण देतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." कारभारणीने बैलांना दिलं. मग हळदीचा तोच हात घेऊन आत आली आणि दोन्ही खोक्यांना एकेक बोट लावलं.

"आज आवतन घ्या, उद्या बोलाले या. नाही तर आमचे हे घरी आल्यावर कोनाशीच बोलाचे नाहीत!"

*

पोळ्याला मैदानाच्या दोन टोकांना खोके ठेवले. बॅटरी जिनातून भरून आणली होती. बैल सजून ओळीत उभे. सगळ्यांत पुढे पाटलांची मानाची जोडी, गड्याच्या हातात. पाटील अजून घरी जेवत होते. ते येणार, जोडीची पूजा करणार, मग झडत्या आणि शेवटी तोरण सुटून बैल घरोघर जाणार.

तोरणाची दोरी धरणारे गडी लांब उभे असत. त्यांना झडत्या कधीच ऐकू यायच्या नाहीत. शेवटी सगळा गाव मिळून "हर हर महादेव" ओरडला की तेवढंच त्यांच्या कानावर पडायचं आणि ते दोरी सोडायचे. वर्षानुवर्षे असंच चाललं होतं.

मी नामदेवला म्हणालो, "पाटील यायच्या आत आवाज पाहून घेऊ. बोल काही."

"काय बोलू?"

"काहीही बोल बे!"

नामदेव मायक्रोफोनला तोंड लावून गरजला,

"पाटलाच्या दारात बांधला घोडा,
खिंकाळनं मोठं अन् दाना थोडा!
हर हर महादेव!"

दोरी सुटली.

तोरण खाली, बैल मोकळे! घुंगरं, झुली, धूळ, मागे धावणारे मालक. "धरा, धरा!" म्हणेपर्यंत मैदानात मी, नामदेव आणि दोन खोके उरलो. नामदेव एका खोक्याच्या मागे जाऊन बसला.

तेवढ्यात पाटील आले. डोक्याला अर्धा फेटा, हातात पूजेचं ताट.

"मिस्त्री! मी तोरनाले निघालो, अन् माही जोडी वाटेत मले भेटली! घराकडे चालली होती!"

मी म्हणालो, "पाटील, झडती घरापर्यंत ऐकू आली?"

"आली! घोड्यासकट आली!"

"एका खोक्यातून, का दोन्हीतून?"