शिळ्या पाण्याचा मान

शोभेच्या माशांच्या दुकानात त्या आजी मला दोनदाच दिसल्या. पहिल्यांदा त्या काळजीत होत्या. घरचा वीतभर ऑस्कर मासा खाणं सोडून टाकीच्या तळाशी कलंडला होता.

"पाणी कधी बदलता?" दुकानदारानं विचारलं.

"रोज, सगळंच! नळाला येणारं, खडकवासला धरणाचं ताजं. शिळ्या पाण्यात ठेवू की काय त्याला?"

"आजी, ताज्या पाण्यातलं क्लोरीनच बाधतंय त्याला. पाणी दिवसभर साठवा, मग थोडं थोडं बदला."

आजींच्या भुवया चढल्या. आयुष्यभर रोज सकाळी शिळं पाणी ओतून दिलं असणार त्यांनी.

महिन्याभरानं त्या माशाचं खाद्य न्यायला आल्या. "पोहतोय!" पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या. "आमच्या घरात आता शिळ्याला मान आहे, बरं का." आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "डबा मोठाच द्या. आम्हा दोघांनाही जायची घाई नाही."