दम घ्यायची जागा

"थांब. आता दम घेल बग ती."

असं म्हणून मास्तर उजव्या हाताचं बोट वर करायचे. माझ्या कापायच्या टेबलावर ग्रामोफोन फिरत असायचा, त्यातली कुठल्या मुलखातली कोण जाणे ती बाई इंग्रजीत गात असायची, आणि मास्तरांचं बोट हवेत. मग बाई खरंच श्वास घ्यायची. तो ऐकू आला की बोट खाली यायचं आणि मास्तर माझ्याकडे असे बघायचे, जणू तो श्वास त्यांनीच तिला आणून दिला होता.

मी शहापूरच्या बाजारपेठेतला शिंपी. मला कापडातलं कळतं, गाण्यातलं नाही. मास्तर म्हणजे आमच्या गावच्या लग्नाच्या बॅंडचे म्होरके. क्लॅरिनेट वाजवायचे. बॅंडचे लाल कोट मी शिवायचो, एवढीच आमची ओळख. पुढे त्यांच्या बायकोने "ही मेली मडमीण माझ्या घरात नको" म्हणून ग्रामोफोन घराबाहेर काढला, तो माझ्या दुकानात आला आणि ओळख वाढली. माझी परवानगी कुणी विचारली नव्हती.

तरुणपणी मास्तर मुंबईला एका पलटणीच्या बॅंडात वाजवायला शिकले. एका गोवेकर दोस्ताच्या वशिल्याने मोठ्या हॉटेलात नाचाच्या बॅंडमध्ये बदली म्हणून बसायचे. कुणी आजारी पडलं की यांना बोलावणं यायचं. उसना पांढरा कोट, उसने बूट. तिथं जे वाजायचं त्याला जॅझ म्हणतात, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला ते एखाद्या मलमाचं नाव वाटलं. वडील गेल्यावर ते गावी परतले, ते हा ग्रामोफोन आणि जुन्या बाजारातल्या रेकॉर्डी घेऊनच.

रेकॉर्डीवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी गाणाऱ्यांना आपल्या घरातली नावं दिली होती. भरदार आवाजाची ती थोरली. बारीक आवाजाची ती धाकटी. आणि एक घसा बसलेला, गाता गाता हसणारा बुवा होता, तो भावजी. "आज थोरलीला लाव," असं ते म्हणाले की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघायचं.

गंमत अशी की थोरली आणि धाकटी एकच गाणं गात होत्या. माझ्या ते ध्यानात आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

"मास्तर, तुम्हाला टोपी घातली! एकच गाणं दोनदा विकलं."

मास्तर खो खो हसले. "अरे दादा, तिकडं असंच हाये. गानं एकच, पन जो तो आपल्या गल्यानं गातो. आपल्या धवलारणी नाय का? धवला तोच, पन शापुरात एक चाल नि मुरबाडात दुसरी. म्हनून काय कोन त्यांना परत पाठवतं?"

धवलारणी तुम्ही पाहिल्या असतील. आमच्याकडे लग्नात म्हाताऱ्या बायका धवले म्हणतात, त्या गाण्यांशिवाय हळदसुद्धा लागत नाही. मास्तरांनी त्यांचा दाखला दिला खरा, पण धवलारणींना मास्तर डोळ्यांसमोर नको असायचे. त्यांची क्लॅरिनेट एकदा लागली की भारंगी नदीच्या पलीकडे ऐकू जायची. त्यापुढे म्हाताऱ्यांच्या आवाजाचा काय निभाव लागणार? मुरबाडची एक धवलारीण तर त्यांना तोंडावर म्हणायची, "मास्तर, तुमचा बेंड म्हंजे आमची सासू हाये. तोंड उघडू देत नाय."

मास्तरांना ही स्तुती वाटायची.

तेव्हा ते थोरलीचे भक्त होते. तिचा लांब दम, तिची ताकद. धाकटीची रेकॉर्ड ते क्वचित लावायचे. "ही गाते का कन्हते?" असं म्हणून अर्ध्यावर काढायचे. मला मात्र तीच बरी वाटायची, कारण तिच्या आवाजात मशीन चालवता यायची.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि ग्रामोफोनच्या सुया मिळेनाशा झाल्या. मास्तरांची नजर माझ्या शिवणाच्या मशीनवर गेली. "सुई ती सुई," म्हणाले. मी नको नको म्हणत होतो, तोवर त्यांनी माझी सुई बसवलीसुद्धा आणि थोरलीला लावलं. तिने पहिली ओळ कशीबशी म्हटली. पुढे नुसती फरफर झाली, घडीचं कापड उभं फाटावं तशी. मास्तरांनी ग्रामोफोन थांबवला. रेकॉर्ड उचलून उजेडात धरली, बोटाने चरा चाचपला आणि टोपी घालून घरी गेले.

चारदोन दिवसांनी परत आले ते खिशात बाभळीचे काटे घेऊन. काटा माझ्या कात्रीने तिरपा छाटायचा आणि सुईच्या जागी बसवायचा. आवाज मऊ यायचा, पण यायचा. भावजी त्यात हरवूनच गेला. काट्यावर गोड लागायची ती एकटी धाकटी.

त्याच सुमाराला मला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती मला कळली हे मास्तरांना आवडलं नव्हतं. लग्नसराईच्या आधी मी कोट दुरुस्त करायचो. छातीला टेप लावून म्हणायचो, "मास्तर, भरा." ते छाती भरायचे आणि टेप माझ्या बोटांतून सरकायची. त्या वर्षी टेप सरकलीच नाही. मी पुन्हा म्हटलं, "भरा." ते म्हणाले, "भरलीये."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्लॅरिनेटला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिला मुरबाडला दिली होती. लग्न आमच्याकडे आणि वरात मुरबाडात, मारुतीच्या देवळापासून नवऱ्याच्या दारापर्यंत. "माझ्या पोरीची वरात दुसऱ्याच्या फुंकेनं जायची नाय," हे मास्तर ती पाळण्यात असल्यापासून म्हणत आले होते.

मास्तरांची बायको माझ्या दुकानात येऊन भांडली. "पोरीचा बाप वरातीत वाजवतो, असं कुटं बगितलंय का गावानं? आनि दम कुटं हाये यांच्यात?"

"पोरीचा बाप नाय जानार गो," मास्तर शांतपणे म्हणाले. "बेंडवाला जानार."

त्या दिवसापासून दुपारची माझी मशीन बंद. काटा छाटायचा, धाकटीला लावायचं आणि मास्तर क्लॅरिनेट तोंडाला लावून तिच्यामागे हळूच चालायचे. ती थांबली की थांबायचे. बोट मोकळं नसायचं, मग भुवई वर करायचे.

"बग दादा, हिच्याकडं आवाज हाये केवढा? मूठभर. पन पुरवते कशी! पाव्हने आल्यावर सुगरन बाई टोपातला भात पुरवते ना, तशी. कोनाला कमी पडला म्हनून कलत नाय."

मी म्हटलं, "पण थांबते किती मध्ये मध्ये."

"तेच तर! दम लागून थांबला तर लोकांना कलतं. जागा बगून थांबला तर लोक वाट बगतात."

मला तेव्हा ते पटलं नाही. मला फक्त भीती वाटत होती की हा माणूस भर वरातीत खाली बसेल आणि पोरीला आयुष्यभर ते लक्षात राहील.

वरातीला मी गेलो होतो. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीने आम्ही मुरबाडला पोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती. मास्तरांचा कोट मी दोन्ही काखांखाली आत घेतला होता. शिवणीतलं जादा कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते न कापता आतच दुमडून ठेवलं होतं, पुन्हा अंगावर आले तर सोडता येईल म्हणून. उन्हं कलली तेव्हा मारुतीच्या देवळापासून वरात निघाली.

मास्तरांनी नेहमीचीच लग्नाची चाल घेतली. पण दोन सूर वाजवले आणि थांबले. ढोलवाला गोंधळला. पुन्हा तीन सूर, पुन्हा थांबले. वऱ्हाडातला एक जण मोठ्याने म्हणाला, "बेंडवाल्याला जेवू घातलं नाय का रे?" लोक हसले. डोलीतली मुलगी खाली बघत होती. मी मास्तरांच्या पाठीशीच चालत होतो, कोट पाठीला चिकटलेला दिसत होता, आणि मला वाटलं, आता संपलं.

नवऱ्याचं दार आलं. दारात धवलारणी उभ्या होत्या, मधोमध बॅंडला सासू म्हणणारी तीच ती म्हातारी. मास्तरांनी एक लांब, बारीक सूर धरला, अगदी धाकटीसारखा मागे रेंगाळत, आणि सोडला. मग क्लॅरिनेट तोंडापासून दूर केली आणि बोट वर केलं.

सगळे गप्प. ढोलही गप्प.

त्या जागेत म्हातारीने धवला उचलला. बाकीच्या तिच्यामागे आल्या. ओळ संपली तशी मास्तरांनी दोन सूर घातले आणि पुन्हा थांबले. म्हाताऱ्या पुन्हा गायल्या. असं ते दारात चालू राहिलं, मुलीने उंबऱ्यावरचं माप पायाने लवंडलं तोवर. तिला सगळे शब्द ऐकू आले असतील. मी डोळे पुसले, आणि हाताला मोटारीतला कोळसा तसाच होता हे नंतर कळलं.

मुलगी आत गेल्यावर म्हातारी मास्तरांजवळ आली. "मास्तर, इतकी वर्सं लग्नं केली. आज तुमी आमाला गाऊ दिलंत."

मास्तर धापा टाकत हसले. 

पुढच्या लग्नसराईला मास्तर नव्हते. दिवस-कार्य उरकल्यावर त्यांची बायको दुकानात आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मडमिनीला घरी न्यायला आलेय." मी ग्रामोफोन बांधून दिला, काट्यांची पुडीही दिली. काटा कसा छाटायचा ते सांगायला लागलो तर म्हणाली, "ठाव हाय मला." मला मास्तरांची फार आठवण येते. दुपारी दुकान इतकं शांत असतं की मशीन आपलीच आपल्याला नको वाटते.

कोट बॅंडमधल्या दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याकडे गेला. तो अंगाने दणकट, म्हणून मी दुमडलेली माया सगळी सोडली. आतलं कापड ऊन न बघितलेलं, गर्द लाल. तो हात वर करतो तेव्हा दोन्ही काखांखाली तो गर्द पट्टा दिसतो.

परवा माझ्या दुकानासमोरच्या घरात नवरी घेत होते. दणकट गड्याने दारात एक सूर धरला आणि मध्येच सोडला. नंतर मी त्याला विचारलं, "तिथं का थांबलास रे? तुला काय दमाचा तोटा?"

"मास्तर थांबायचे," तो म्हणाला. "तिथं बाया गातात ना."

मी त्याला एक सांगितलं नाही. तो थांबला तेव्हा मी आत कापड कापत होतो. हातातली कात्री कधी खाली ठेवली ते कळलं नाही. बघतो तर माझंच बोट वर. बाया गायला लागल्या तेव्हा कुठे ते खाली आलं.