बांध नसलेलं चित्र

मी चित्रकलेची शिक्षिका आहे. चित्र आधी नीट बघा, मग बोला, असं मुलांना सांगून सांगून माझा घसा बसला. माझं स्वतःचं चित्र मात्र मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं.

फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. पावसाळा सरता सरता मी गावामागच्या टेकडीवर बसून पेन्सिलीनं तिथलं एक दृश्य काढलं. खाली वडिलांचं आणि काकांचं शेजारी शेजारी वावर, दोन्हींत डोक्याच्या वर गेलेला मका, कडेला विहीर, लांब रस्ता. चित्र छान साधलं होतं. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगत नव्हतं. फ्रेम करून शहरात मुकुंदवाडीच्या घरी हॉलमध्ये लावून टाकलं.

वडील माझ्याकडं राहतात, पण शेती अजून तेच बघतात, बसनं जाऊन येऊन. धाकट्या काकांशी त्यांचं बोलणं बांधावरूनच तुटलेलं. बांध दरवर्षी वीतभर सरकतो, यावर दोघांचं एकमत. कोण सरकवतं, एवढाच वाद. तरी दिवाळीनंतर काकांचा मला फोन आला, की मुलीच्या लग्नाचं बोलवायला येतो. तेव्हापासून वडील घरभर येरझाऱ्या घालत होते. काका यायच्या दिवशी ते चित्रापुढं थांबले.

“बांध कुठंय?”

“मक्यात झाकला गेला. वरून दिसतच नव्हता.”

“तुला दिसला नसंल. तो म्हणंल, पोरीच्या हातनं बांध पुसून घेतला अन् अख्खं वावर भिंतीला टांगलं.”

मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. मी त्या चित्रात ऊन-सावली बघत होते, वडिलांनी त्यात सातबारा वाचला. काकाही तोच वाचणार होते. इतक्या वर्षांनी भाऊ दारात येतोय, आणि माझ्या हौसेपायी तो आल्या पावली परत गेला तर? मी घाईघाईनं चित्र उतरवलं, तेवढ्यात बेल वाजली. हातातलं चित्र तसंच दिवाणावर पालथं टाकलं.

काकांना बसायला नेमका दिवाणच सापडला. त्यांनी चित्र उचललं, सुलटं केलं आणि चष्मा लावला.

“हे आपलंच हाय व्हय?”

“हो, पण मका लई वाढला होता काका, म्हणून तो बांध...”

“कळलं मला,” ते म्हणाले. वडील खिडकीतून बाहेर बघत बसले, जणू खाली रस्त्यावर काही महत्त्वाचं चाललं होतं. मला दोघांचाही राग येत होता आणि स्वतःचा सगळ्यात जास्त.

मग काकांनी काचेवर तळवा ठेवला. अर्धा त्यांच्या मक्यावर, अर्धा आमच्या.

“दादा, मांडव इथं टाकावा म्हणतो. पोरीला कार्यालय नको, घरच्या वावरातच लग्न करायचंय, अन् माझ्या एकट्याच्या चिंचोळ्या वावरात मांडव मावत नाय. तेच इचारायला आलो व्हतो. तोंडातनं निघंना.”

वडील उठले. आता भडका उडणार, असं समजून मी मधे पडायच्या तयारीत होते. त्यांनी वाकून चित्र बघितलं, काकांचं मनगट धरलं आणि तळवा आपल्या बाजूला ओढला.

“अजून इकडं घे. पंगती काय रस्त्यावर बसवतो?”

माझा जीव भांड्यात पडला. तिथं उभी राहिले असते तर रडले असते, म्हणून चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. बाहेर दोघं मांडवाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं यावरून हुज्जत घालायला लागले होते, आणि ती हुज्जत ऐकायला मला फार बरं वाटत होतं.

“अन् मक्यामागं तू गहू पेरतो, त्याचं काय?” काकांनी विचारलं.

“यंदा नाय पेरत मी तिथं.”