सोलापूर, आणि जिन्याची शेवटची पायरी

"जायचं तर जाऊ. पण तिथे जमलं नाही, तर यापुढे मला 'बाहेर चल' म्हणायचं नाही."

शिवानंदने ही अट घातली तेव्हा मी भेंडी चिरत होते. "बरं," म्हणून मोकळी झाले. आठ महिन्यांनी माणूस घराबाहेर पडायला तयार होत होता. त्याने कुठलीही अट घातली असती, तरी मी मान डोलावली असती.

शिवानंद माझा नवरा. काचबिंदूने चार वर्षांत थोडी थोडी करत त्याची सगळी नजर नेली. तेही त्याने जमवून घेतलं होतं. पांढरी काठी घेऊन रोज एकटा तीन मजले उतरायचा, कोपऱ्यावरून दूध आणायचा. मग आमच्या पुण्यातल्या सोसायटीने पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले. जमीन दोन बोटं वर आली आणि जिन्याची शेवटची पायरी तेवढीच आखूड झाली. त्याला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. डोळसांना दोन बोटांचं काय! रोजच्या अंदाजाने पाय खाली टाकला, तर जमीन आधीच आली. तोल गेला आणि मनगट मोडलं. मनगट दोन महिन्यांत जुळलं, पण तो काही पुन्हा खाली उतरला नाही. "घरात सगळं जागच्या जागी आहे. बाहेर प्रत्येक गोष्ट वेगळ्या मापाची," म्हणायचा. खोटं कुठे होतं त्यात?

तर या वेळच्या लेखात तक्रारी जरा जास्त आहेत, सांभाळून घ्या. निमित्त होतं सोलापूरचं बारसं. शिवानंदची थोरली बहीण, आमच्या अक्का, यांना नात झाली होती. "मामाआजोबाशिवाय पोरीला पाळण्यात घालणार नाही," असं त्यांनी फोनवर ठणकावलं, आणि अक्कांपुढे आजवर कुणाचं चाललंय?

सकाळी साडेसहाला निघालो. गाडी मीच चालवते. साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता उत्तम, वाटेत टोलनाके आहेत तेव्हा फास्टॅग भरून ठेवा. चहा-नाश्ता धरून पाच तास. भिगवणला उजनीचं पाणी दिसायला लागलं की मासे खाणाऱ्यांची गाडी आपोआप थांबते. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे आम्ही इंदापूरच्या पुढे एका ढाब्यावर उप्पीट आणि चहा घेतला. दोघांचे दीडशेसुद्धा झाले नाहीत, आणि उप्पिटात शेंगदाणे सढळ हाताने घातलेले.

आता स्वच्छतागृह. मी त्याला पुरुषांच्या दारापर्यंत सोडू शकते, पुढे नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आतून आवाज आला, "नीला, कडी कुठल्या बाजूला उघडते गं?" मला काय ठाऊक! मी बाहेर, कडी आत. शेवटी हात धुणारा एक ट्रकवाला माझी अवस्था बघून पुढे झाला.

"काका, वर उचला. वर, वर. आता डावीकडं ओढा. हां!"

शिवानंद घामाघूम होऊन बाहेर आला. ट्रकवाला म्हणाला, "काका, लाजू नका. पैल्यांदा माजीबी उघडली न्हवती." देव त्या माणसाचं भलं करो. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे.

पण मला सांगा, कडी ही काय कलाकुसरीची वस्तू आहे? एक वर उघडते, एक बाजूला सरकते, एक फिरवायची, आणि एक म्हणे आधी दाबायची आणि मग ओढायची. नळाचं तेच. इथे गरम पाणी डावीकडे, तिथे उजवीकडे; आंधळा असो की डोळस, भाजल्यावरच कळतं. पुरुषांचं दार कुठे पहिलं, कुठे दुसरं. दिव्याचं बटण कुठे दाराशी, तर कुठे कपाटामागे. गोळ्यांची पाकिटं एकसारखी आणि औषधं वेगळी. जिथे सारखेपणा हवा तिथे नाही, आणि जिथे नको तिथे हटकून. माझ्या हातात असतं तर देशातल्या सगळ्या कड्या मी एका दिशेला उघडायला लावल्या असत्या, आणि मगच चंद्रावर यान पाठवलं असतं.

मोहोळ येईपर्यंत शिवानंद रुमालाने मान पुसत राहिला. मग म्हणाला, "बघितलंस?" मी बघितलं होतं. मी गाडीचा रेडिओ लावला.

अक्कांचं घर जुन्या सोलापुरात आहे. अंगण, आत दोन खोल्या, आणि अंगणातूनच वर जाणारा दगडी जिना. वरच्या खोलीत आम्ही. हे घर दाजींनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, स्वतःच्या हाताने बांधलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. सत्तरी उलटली तरी रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या भिंतीला हात लावून बघतो आणि "प्लास्टर जरा मार खाल्लंय" म्हणतो.

दारातच अक्कांनी भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बा तम्मा, बा," म्हणाल्या. माया उतू जायला लागली की अक्का कानडीत शिरतात; 'बा' म्हणजे ये. शिवानंद पासष्टीचा आहे, पण अक्कांना तो अजून तम्माच, धाकटा भाऊ. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि तुरीच्या डाळीची आमटी. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी तिच्यासाठी तरी यावं. पापडासारखी कडाडते, महिनाभर टिकते, आणि बायका हाताने थापतात तरी चळत लावली तर सगळ्या एका आकाराच्या! इथे हाताला माप कळतं आणि तिकडे कारखान्यात कडीला कळत नाही, हे मी तिथेच बोलून दाखवलं.

"वैनी, तुमचं बरूबर हाय," दाजी हसले.

तेवढ्यात शिवानंद म्हणाला, "दाजी, पण तुमची शेवटची पायरी खोल आहे. अकरा पायऱ्या नऊ-नऊ बोटांच्या, बारावी बारा बोटांची."

दाजींचा घास हातातच राहिला. "आंगणात पाणी साठायचं. मागनं माती काढून फरशी खाली घेतली," ते म्हणाले. "वीस वर्सं झाली. कुनी बोललं न्हाय."

"मी बोलतोय की," शिवानंद म्हणाला आणि दही मागून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याच जिन्यात खोट काढायची!

दुसऱ्या दिवशी बारसं, आणि सकाळीच गोंधळ. घरी आमची एक पद्धत आहे. टूथपेस्टच्या ट्यूबला रबरबँड, मनगटाला लावायच्या मलमाच्या ट्यूबला नाही. हाताला रबर लागलं की ती पेस्ट. अक्कांनी रात्री मला विचारलं होतं, "हे रबर कशाला गं?" मी घाईत होते, "शिवानंदला कळावं म्हणून," एवढंच सांगितलं. झालं! करायला गेले काय, अन् उलटे झाले पाय. माउलीने पहाटे उठून भावाच्या प्रत्येक वस्तूला रबर लावलं. मलमाला, साबणाच्या डबीला, तेलाच्या बाटलीला, तांब्याला. तांब्याला दोन!

शिवानंदने मलमाने दात घासले. तोंडात आग आणि बर्फ दोन्ही एकदम. चूळ भरून भरून थकला आणि मोरीजवळच्या दगडावर बसून राहिला. अक्का पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, "मी तुझ्यासाठीच केलं रे." त्याने त्यांची पाठ थोपटली. मला मात्र हळूच म्हणाला, "उद्या परत जाऊ. मी म्हटलं होतं ना." आणखी दोन दिवस राहायचं ठरलं होतं, आणि आत्ता परतलो असतो तर तो पुन्हा दाराबाहेर आलाच नसता.

त्याला थांबवलं ते नातीने. दुपारी पाळणे म्हणून झाले, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि अक्कांनी कुणाला न विचारता बाळ त्याच्या मांडीवर दिलं. तो ताठ झाला. "अक्का, घे, माझ्या हातून पडेल." अक्का म्हणाल्या, "बाळाला कुठं नवं-जुनं असतंय? डोकं एकीकडं, पाय एकीकडं. तुझी पोरं होती तशीच ही." तो तासभर तिला घेऊन बसला, तिची बोटं पुन्हा पुन्हा मोजत. संध्याकाळी स्वतःच अक्कांना बोलावलं आणि शिकवलं: रबर एकच, एकाच वस्तूला, आणि बदल केला तर सांगायचं. अक्कांनी ते शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलं. परत जायचा विषय त्याने काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादरी घ्यायला गेलो. सूचना: सोलापुरात 'डबल' या शब्दावर विसंबू नका. एका दुकानातली डबल दुसऱ्या दुकानात सिंगलची मावशी वाटते. मी तणतणले, तर तेलुगू वळणाचं मराठी बोलणारे दुकानदार काका शांतपणे म्हणाले, "बाई, डबल म्हणजे दोन माणसं. आता माणसं केवढी, ते तुम्ही सांगायचं." टेप घेऊन जा, हाच त्यावर उपाय. शिवानंदने मात्र आठ चादरींवरून हात फिरवून त्यातली सगळ्यात दाट विणीची अचूक काढली, आणि काकांनी त्याला उठून चहा दिला. चादर सहाशेला पडली. वजनदार आहे, एक धुतली तर दोघांना पिळावी लागते.

जेवून वरच्या खोलीत आडवे झालो. कूलर घरघरत होता, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. चारला शिवानंद उठला. "मी जातो खाली चहाला. तू ये मागून." दोन दिवसांत जिना त्याच्या पायांत बसला होता. मी टॉवेल उचलायला कठड्यापाशी गेले आणि सहज खाली पाहिलं.

अंगण बदललं होतं! जिन्याच्या पायथ्यापासून फाटकापर्यंत रेतीवर शहाबादी फरशा बसवलेल्या, फाटकाकडे छान उतार दिलेला. दाजी धुळीने माखलेले, हातात लाकडी हातोडा, चेहऱ्यावर हसू. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गंमत करायची होती त्यांना! जमीन तीन बोटं वर आणली होती आणि उतरणाऱ्याला सांगितलं नव्हतं. पुन्हा तेच! शिवानंद नवव्या पायरीवर होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडले आणि दचकून पडला तर?

दहा. अकरा. त्याने खोल पायरीसाठी काठी खाली सोडली आणि ती आधीच टेकली. तो जागच्या जागी थांबला. चेहरा पांढराफटक.

"दाजी, जमीन वर आली?"

"वर आनली. तू निजला व्हतास तवा."

"सांगायचं की हो!" तो एवढ्या जोरात ओरडला की अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

दाजींच्या हातातून हातोडा खाली पडला. त्यांना तेव्हा कळलं. "चुकलं रं शिवा. मला वाटलं, खूश हुशील. माजंच चुकलं."

मी धावत चार पायऱ्या उतरले होते आणि तिथेच अडले होते. शिवानंद हळूच खाली बसला. त्याने शेवटच्या पायरीची उंची बोटांनी मोजली, मग वरचीची, मग तिच्या वरचीची. पुन्हा शेवटची.

"नऊ," तो म्हणाला. "सगळ्या नऊ."

"एका सुताचा फरक न्हाय," दाजी म्हणाले. "आयुष्यभर जिनं बांधलं. शेवटच्या पायरीचं सांगणारा तू पैला."

शिवानंद उठला, काठी काखेत मारली आणि ती पायरी मोकळ्या हातांनी उतरला. मग म्हणाला, "आमच्या सोसायटीची बघाल का? दोन बोटं आखूड आहे."

"ब्लॉकच हायत न्हवं? उचकटून खाली बसवायचं. नीट माप दे, मी येतो. पन या खेपेला सगळ्यांस्नी सांगून."

चौथ्या दिवशी परत आलो. येताना त्याच ढाब्यावर थांबलो. ट्रकवाला अर्थातच नव्हता. घरी आल्यावर आठवडाभर शेंगाचटणी पुरवून पुरवून खाल्ली. या प्रवासाने काय दिलं, असं मला विचाराल तर कड्या आणि नळ अजून तसेच आहेत, आणि मी त्यांवर अजून चिडते. पण भर उन्हात सत्तरीचा माणूस आपलंच अंगण उखडून बसवतो, आणि तेही जेवताना निघालेल्या एका वाक्यावरून, हे मी पाहिलं. त्या घराचे उपकार मी कुठल्या मापाने फेडू, मला खरंच कळत नाही.

काल भाजी घेऊन आले तर घर रिकामं. काठी नाही, चपला नाहीत. हाका मारत जिन्याकडे पळाले. तीन मजले खाली, शेवटच्या पायरीवर शिवानंद बसला होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी शेजारी उभे राहून त्याने सांगितलेले आकडे वहीत लिहून घेत होते.

"एकटा उतरलास?" माझा आवाज चिरकला.

"मग? दाजींना माप कोण देणार?" पायरीवरचा हात न उचलता तो म्हणाला. "तुझी बोटं बारीक आहेत."