टाक्यात मेला

कामशेतला उतरलो, तेव्हा फलाटावर उतरणारा मी एकटाच होतो. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. आमच्या चिलखती डिव्हिजनचा इतिहास लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं होतं: घोडे कसे गेले, रणगाडे कसे आले, मग वाळवंट. मी होतो कचेरीतला कारकून. सगळ्या लढाईत माझ्या अंगावर उडाली ती फक्त शाई. आजचा प्रवास मात्र इतिहासासाठी नव्हता. आमच्या डिव्हिजनमधला, इथल्याच बेडसे गावचा धोंडू गेला, तेव्हा 'टँकात कामी आला' असं पत्र त्याच्या घरी मीच लिहिलं होतं. त्यावर गावच्या मास्तरांनी कळवलं होतं, की आई काही केल्या मानत नाही.

बाजारात भाताच्या गाड्या लागल्या होत्या. चहा घेतला आणि बेडशाकडे पायी निघालो. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. वहाणा हातात घेऊन बांधाबांधानं चालताना सगळा लष्करी रुबाब उतरला. कापणी झालेल्या खाचरांत चिटपाखरू नव्हतं. इतकं एकटं मला परदेशातही वाटलं नव्हतं.

धोंडूची आई, सखूमावशी, अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, तशी तिनं आधी भाकरी आणि वालाचं कालवण (पातळ भाजी) पुढे ठेवलं आणि पुन्हा सूप हाती घेतलं.

"मास्तर म्हनलं, टाक्यात मेला," ती म्हणाली. "आमचा धोंडू? वर लेण्यापाशी टाकं हाय, त्याच्या तळाचा खडा काढून आनायचा त्यो! टाक्यात कसा बुडंल? दुसराच कुनी असंल. आमचा यील."

माझ्या 'टँका'चं मास्तरांनी टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) केलं होतं, आणि त्या एका शब्दाच्या आधारावर ही बाई मुलाची वाट बघत होती. गप्प बसावं असं फार वाटलं.

"मावशी, ते पाण्याचं टाकं नव्हे. तोफ लावलेली लोखंडी गाडी असते. धोंडूच ती हाकायचा. तिला आग लागली."

सूप थांबलं. तिनं विचारलं, "तुमी हुता तितं?"

त्या दिवशी मी कित्येक मैल मागे, तंबूत याद्या करत बसलो होतो.

"होतो. त्याच्या शेजारीच होतो."

"मंग एकला न्हवता त्यो," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली.

परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. डिव्हिजनच्या इतिहासात माझं नाव कुठल्याच पानावर येणार नाही, आणि ते योग्यच आहे. बेडशातल्या त्या एका घरात मात्र, धोंडू गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होतो.