तारीख निवडा

शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या नव्या लेआउटमध्ये अजून निम्मे प्लॉट रिकामे आहेत. दुपारी तिथं टिटव्यांशिवाय कोणी बोलत नाही. अशाच एका घरात सुरुची वडिलांसोबत राहते. नोकरी एका कंपनीची, घरूनच. ती आटोपली की ती दुसरं काम उघडते. त्याचे पैसे मिळत नाहीत.

ती वेबसाईटला लागणारे सुटे भाग बनवते. बटण, उघडझाप करणारी यादी, तारीख निवडायचं कॅलेंडर. डोळ्यांनी दिसत नसलं, माऊस धरता येत नसला, तरी वापरता यावं असं. हे सगळं ओपन सोर्स, म्हणजे इंटरनेटवर उघडं ठेवलेलं. ज्याला हवं त्यानं न विचारता उचलावं. म्हणून कोण उचलतं ते तिलाही ठाऊक नसतं. शेजारच्या प्रेमिलाकाकूंनी एकदा विचारलं होतं, "दिवसभर घरात काय करून राहते वं तू?"

"बटणं बनवते, काकू."

"मंग दुकान कुठं टाकलं?"

सुरुची हसली आणि आत आली. तेवढंच बोलणं त्या दिवशी झालं.

बनवलेलं तपासायची तिची रीत अशी की मॉनिटर बंद करायचा, हेडफोन लावायचे आणि नुसत्या कीबोर्डवर चालायचं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज ती इतका भरधाव ठेवी की दुसऱ्याला ती नुसती भुणभुण वाटावी. तिच्या कानांना मात्र त्यातला शब्द न् शब्द लागे.

वडील, शरच्चंद्र, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि मग काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू पुसत नेली. आई गेल्यापासून त्यांचं मोकळं बोलणं एकाच माणसाशी उरलं होतं, अमरावतीच्या मारोतरावांशी. दोघांनी खात्यात एका टेबलावर उमर घालवलेली. दर हिवाळ्यात शरच्चंद्र तिकडे आठवडाभर जात. गेल्या वर्षी सुरुची त्यांना घेऊन गेली, आणि मुलीसमोर दोघे म्हातारे हवापाण्याच्या गप्पा मारत बसून राहिले. परत येताना बसमध्ये वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी मी एकटाच जाईन." तिला ते लागलं, पण पटलंही.

यंदा हिवाळा आला तसे मारोतरावांचे फोन सुरू झाले. शरच्चंद्र फोन स्पीकरवर ठेवत, त्यामुळे ते घरभर ऐकू येई.

"काहून गा शरद, पोरीनं आणून सोडल्याबिगर येनं होत नाही का तुले?"

"मीच तिकीट काढून येतो, पाहून घे."

"तू काढशील? माह्या नातवाचं लगन होऊन जाईल तवापर्यंत."

"तुझा नातू बालवाडीत आहे, मारोतराव."

"तेच तर सांगून राह्यलो."

सुरुचीनं जुन्या लॅपटॉपवर वडिलांना वाचून दाखवणारा बाईचा आवाज लावून दिला होता, अगदी सावकाश. ट्रॅव्हल्सच्या वेबसाईटवर शरच्चंद्र गाव निवडत, इथपर्यंत ठीक जमे. तारखेपाशी आले की थांबत, पुन्हा सुरुवातीपासून करत, आणि शेवटी झाकण लावून टाकत.

"काय होतं तिथं, बाबा?"

"ती बाई तारीखच सांगत नाही. नुसती शिकवत राहते."

सुरुची त्यांच्या बाजूला बसली. त्यांनी बाणाची कळ दाबली. आवाज म्हणाला, "दिवस बदलण्यासाठी बाणाच्या कळा वापरा. महिना बदलण्यासाठी पेज अप किंवा पेज डाउन दाबा. निवडण्यासाठी एंटर दाबा." वडिलांनी कंटाळून पुढची कळ दाबली. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

हे मराठी तिचं होतं. एका रविवारी शब्द तोलून तिनेच लिहिलं होतं. कॅलेंडर तिचं होतं. तारीख त्या सूचनांच्या मागे, सगळ्यात शेवटी ठेवली होती, तीही तिनेच. जितकं जास्त सांगू तितका माणसाला आधार, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आणि तिच्या भरधाव आवाजात ते सगळं एका श्वासात उरकत असे.

"मी काढून देऊ का?" तिनं विचारलं.

"तू काढलं की तू सोडायला येशील."

त्याच दिवशी तिनं दुरुस्ती केली. आधी तारीख, आणि सूचना कॅलेंडर उघडताना एकदाच. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवली. पण ट्रॅव्हल्सवाल्यांनी ती उचलल्याशिवाय त्यांच्याकडे जुनीच राहणार होती. तिनं त्यांना मेल लिहिली. निरोप मिळाल्याचं यांत्रिक उत्तर आलं आणि पुढे काही नाही. वडिलांनी लॅपटॉपला हात लावणं सोडलं. मारोतरावांचा फोन आला की ते आता स्पीकर बंद करून अंगणात जाऊ लागले. सुरुची रोज सकाळी चहाच्या आधी ती वेबसाईट उघडून एक कळ दाबून बघे. रोज तेच लांबलचक मराठी.

जानेवारीतल्या एका सकाळी आवाज म्हणाला, "बारा जानेवारी, सोमवार," आणि गप्प झाला.

"बाबा, तिकिटाचं एकदा बघा ना परत."

"काहून?"

"बघा तर."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वडिलांची बोटं आधी चाचपडली, मग चालू लागली. सोळा, सतरा. "अठरा जानेवारी, रविवार." ते थोडे थांबले आणि त्यांनी एंटर दाबलं. पुढचं सगळं त्यांनी तिला न विचारता केलं.

"कोणीतरी सुधारलं वाटते हे," ते म्हणाले.

"हो, वाटते," ती म्हणाली. सांगितलं असतं तर ते तिकीट पुन्हा तिनंच काढल्यासारखं झालं असतं.

रविवारी ऑटो फाटकापाशी आला. तिनं बॅग उचलली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "पोचलो की फोन करतो," म्हणाले. ऑटो रिकाम्या प्लॉटांमधून वळून गेला आणि धूळ बसली.

दुपार गेली. बस पोचायची वेळही टळून गेली. तिच्या कामात जे अडतं त्याबद्दल लोक हक्कानं लिहितात. जे चाललं, ते कोणी कळवत नाही. तिकडे दोघे म्हातारे बोलत बसले असतील, फोन करायचं विसरून.

घरात फ्रिजची घरघर तेवढी होती. सुरुचीनं फोन हातात घेतला, वडिलांचं नाव काढलं, थोडा वेळ त्याकडे बघत राहिली, आणि लावला नाही.