आमेन, दोन बाटल्या

मरोळला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली आंटी घरी बॉटल मसाला करून विकते. मी ख्रिस्ती नाही, तरी तिने मला चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालून घेतलं. म्हणाली, "गिऱ्हाइकाला कसला धर्म रे?"

ग्रुपवर जाहिरात चालत नाही, प्रार्थनेची विनंती चालते. म्हणून आंटी प्रार्थनाच मागते. "माझ्या मसाल्यासाठी प्रार्थना करा. कालच कुटलाय, दहा बाटल्या उरल्यात. आमेन." ॲडमिनला हा मेसेज काढायचा धीर होत नाही, आणि खाली लोक लिहितात, "आमेन, दोन बाटल्या."

परवा तिने लिहिलं, "आईसाठी प्रार्थना करा. उद्या ऑपरेशन आहे." कोणीतरी नेहमीसारखं न वाचताच लिहिलं, "आमेन, दोन."

आंटीचं उत्तर आलं, "दोन नको, एकच रोझरी म्हण. पण आख्खी."

माळेवरची ती प्रार्थना मला येत नाही, असं मी तिला वेगळं कळवलं.

"रामरक्षा येते ना? ती म्हण. मधले श्लोक गाळू नकोस."

मधले श्लोक मला येत नाहीत हे हिला कुणी सांगितलं, असं पुटपुटत मी पुस्तक शोधायला उठलो.